ट्रॅकर परत मिळाला. भरपाईचं गणित मात्र अजून समजलं नाही

ट्रॅकर म्हणजे युरोपियन सेंट्रल बँकेच्या (ईसीबी) दरावर ठरलेली टक्केवारी लावून चालणारं गृहकर्ज. आयर्लंडमध्ये बँकांनी अनेकांचं ते काढून घेतलं होतं, मग परत द्यावं लागलं. डब्लिनमध्ये ओळखीतले बरेच जण अजून म्हणतात, "पत्र आलं, चेक आला, विषय संपला." आमचा संपला नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

कर्ज २००६ चं, ईसीबीच्या दरावर १.१ टक्का. पुढच्या वर्षी आम्ही दोन वर्षांसाठी फिक्स्ड घेतलं. मुदत संपली की परत ट्रॅकर, असं ऑफर लेटरच्या अटींत स्वच्छ लिहिलेलं. २००८ च्या उन्हाळ्यात ४.२५ असलेला ईसीबीचा दर मे २००९ मध्ये १ वर आला, आणि नेमकं तेव्हाच बँकेनं आम्हाला व्हेरिएबलवर, म्हणजे बँक स्वतः ठरवते त्या दरावर टाकलं. सप्टेंबर २०१४ मध्ये ईसीबी ०.०५ वर होती, म्हणजे आम्हाला १.१५ लागायला हवा होता. आम्ही ४ च्या वर भरत होतो. दोन लाख युरोच्या शिल्लक कर्जावर महिन्याला ५०० युरोच्या आसपास जादा!

डिसेंबर २०१५ मध्ये आयर्लंडच्या सेंट्रल बँकेनं सगळ्या बँकांना जुन्या फायली उघडायला लावल्या. असा अन्याय झालेली ४०,००० हून जास्त खाती निघाली, काहींची राहती घरंही गेली होती. त्यानंतर कुठे आमचं पत्र आलं.

दर परत लागला, जादा व्याज परत आलं, त्याबद्दल तक्रार नाही. माझा राग पत्रातल्या तक्त्यातल्या "भरपाई" या एका ओळीवर आहे. समोर फक्त आकडा. कशाच्या आधारे, किती टक्के, काहीच नाही. फोनवरची मुलगी अदबीनं बोलली, पण उत्तर एकच: "सिस्टममधून येतं." इतकी वर्षं आमच्या खिशातून पैसे काढणाऱ्यांनी चार ओळींची फोड देऊ नये?

चेक वटवला तरी वर्षभरात अपील करता येत होतं, ते केलं. ऑफर लेटर जोडलंच, पण उपयोगी पडली ती क्रेडिट युनियनची (आपल्या पतपेढीसारखी संस्था) स्टेटमेंटं. हप्ता भागवायला आम्ही तिथून कर्ज काढलं होतं, आणि त्याचं व्याज ओळीओळीनं दिसत होतं. अपील पॅनेलनं ते धरलं, रक्कम वाढवली. बँकेनं आपणहून हे विचारलंच नव्हतं.

ट्रॅकर म्हणजे कायमची स्वस्ताई, हे माझं मत २०२३ मध्ये बदललं. ईसीबी ४.५ वर गेली, आमचा दर ५.६ झाला, आणि फिक्स्डवाल्या मैत्रिणी कितीतरी कमी भरत होत्या. तरी हिशोब मांडून पाहिला. आता मुद्दल थोडं उरलंय. लुबाडलं तेव्हा डोंगराएवढं होतं, मुलं लहान होती. त्यामुळे भरपाईची मागणी तसूभरही सैल झालेली नाही.

पुण्यात भावाचं कर्ज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जोडलेलं आहे. त्याला सांगितलंय, मंजुरीपत्रातला स्प्रेड (रेपोवर बँक लावते ती जादा टक्केवारी) आणि दर रीसेटला लागलेला स्प्रेड ताडून बघ, आणि फरक दिसला तर लेखी विचार.