ट्रेलरच्या पुढच्या भागावर वाळलेले किडे: बग रिमूव्हर स्प्रे की ओला टॉवेल?

ट्रॅव्हल ट्रेलरवर, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरावर, किडे सगळ्यात जास्त आदळतात ते ओढणाऱ्या गाडीच्या टपावरून वर डोकावणाऱ्या पट्ट्यावर आणि दोन्ही बाजूंच्या कडांवर. म्हणजे नेमके जिथे हात पोचत नाही तिथे. शिवाय कारचं बोनेट आडवं असतं, ट्रेलरचा पुढचा भाग जवळपास उभा. कारवर उत्तम चालणारी पद्धत इथे फसते, त्याचं मुख्य कारण हेच.

किड्याच्या अंगातला रस उन्हात वाळला की सरसासारखा घट्ट बसतो आणि पंखांचे, कवचाचे तुकडे त्यात अडकून राहतात. पाणी मुरायला पुरेसा वेळ मिळाला, की तो पुन्हा मऊ होतो. म्हणून दोन्ही पद्धतींना माझा एकच प्रश्न असतो: डाग किती वेळ ओला राहतो?

बग रिमूव्हर स्प्रेचा वेग मान्य करायलाच हवा. ताजे, त्याच दिवशीचे किडे असतील, खाली वॅक्सचा थर शाबूत असेल आणि पृष्ठभाग सावलीत थंड झालेला असेल, तर फवारा, जरा थांबा, पुसा, पाण्याने धुवा, एवढ्यात काम होतं. जॅकचा दांडा, गॅस सिलिंडरचं झाकण, मार्कर लाइटच्या (ट्रेलरच्या कडांवरच्या छोट्या दिव्यांच्या) कडा, पन्हळी ॲल्युमिनियमच्या खाचा, अशा जागी टॉवेल बसतच नाही. तिथे स्प्रे आणि मऊ केसांचा ब्रश यांना पर्याय नाही.

मला स्प्रेपासून दूर नेलं ते त्याच्या ओघळांनी. बाटलीवर साधारण दोन सूचना असतात: काही मिनिटं मुरू द्या, आणि वाळू देऊ नका. उभ्या भिंतीवर या दोन्ही एकत्र पाळणं फार अवघड. वरच्या पट्ट्यावर मारलेला द्रव टिकतच नाही. थोडा तिथेच वाळतो, बाकीचा खाली धावतो. पुन्हा मारावं, तर पुन्हा धावतो. जाड डाग वरून ओला दिसतो, पण नख लावून पाहिलं तर आत कोरडाच असतो. मग माणूस जोर लावून घासू लागतो, आणि कवचाचे तुकडे जेलकोटवर (फायबरग्लासवरच्या चकचकीत बाहेरच्या थरावर) बारीक चरे पाडतात.

तेवढ्यावर भागत नाही. ओघळ ज्या वाटेने गेला, त्या वाटेवरचं वॅक्स कमी होतं, निदान अल्कधर्मी किंवा सॉल्व्हंट असलेल्या स्प्रेने तरी. गडद रंगाच्या ट्रेलरवर तिरप्या उजेडात बघा, उभे फिकट पट्टे दिसतात. ते धुऊन जात नाहीत, तो सगळा भाग परत वॅक्स करावा लागतो. ओघळ स्टिकरच्या कडेखाली आणि खिडकीच्या रबरातही शिरतो. पुढची खिडकी ॲक्रिलिकची असेल तर जास्तच जपा: अल्कोहोल, अमोनिया किंवा तीव्र सॉल्व्हंटमुळे ॲक्रिलिकला आत केसांसारख्या भेगा पडतात आणि त्या पॉलिशनेही जात नाहीत. सगळेच स्प्रे असे नसतात. पण बाटलीवर ॲक्रिलिकसाठी सुरक्षित असल्याचं लिहिलेलं नसेल, तर खिडकीच्या वर तो मारू नये.

ओल्या टॉवेलची पद्धत संथ आहे आणि दिसायला गबाळी, पण ओल जिथल्या तिथे धरून ठेवते. १० लिटर पाण्यात ३० ते ५० मिली कार शॅम्पू घ्या, पाणी कोमट असेल तर बरं. आधी सगळा भाग नुसत्या पाण्याने भिजवून सुटी धूळ काढून टाका, नाहीतर टॉवेलखाली तीच घासली जाईल. मायक्रोफायबरचे पातळ टॉवेल पाण्यात बुडवून अर्धवट पिळा: निथळत नसावेत, पण दाबले तर पाणी सुटावं. वरच्या कडेपासून लावत खाली या आणि तळहाताने मधली हवा काढा. आंघोळीचा जाड सुती टॉवेल इथे नको. भिजला की स्वतःच्या वजनानेच घसरतो. पातळ कापड थोड्याशा तिरप्या पृष्ठभागावर चांगलं चिकटतं. अगदी उभ्या भागावर मात्र मधूनमधून दाबावं लागतं, हा त्याचा दोष आहेच.

सावलीत १० ते १५ मिनिटं ठेवा आणि कडा वाळू लागल्या तर टॉवेलवरच पाणी फवारा. काढताना तो खाली ओढू नका, वरून सोलल्यासारखा काढा. बरेच किडे कापडाबरोबरच निघून येतात. उरलेले हलक्या हाताने सरळ रेषेत पुसा आणि प्रत्येक वेळी कापडाची स्वच्छ घडी वापरा. तरीही चिकटून राहिले तर जोर वाढवू नका, दुसरा टॉवेल लावा. भरपूर पाण्याने धुऊन लगेच पुसून कोरडं करा.

एवढं करूनही पिवळसर छाप उरली, तर तो किडा नसून पृष्ठभागात उतरलेला डाग असतो. स्प्रे आणि टॉवेल दोन्ही तिथे हरतात, बारीक पॉलिश लागतं. जुना, खडूसारखा पांढरट पडलेला जेलकोट सच्छिद्र असल्याने रंग लवकर शोषतो. त्यावर आधी पॉलिश आणि वॅक्स न करता कुठलीही पद्धत आजमावली तरी समाधान होणार नाही.

बाकीचे उपाय थोडक्यात. ड्रायर शीट (कपडे वाळवायच्या यंत्रात टाकायचे सॉफ्टनर लावलेले पातळ कापडी तुकडे) भिजवून घासल्या की किडे निघतात खरे, पण तो धागा खरखरीत असतो आणि सॉफ्टनरचा थर मागे राहतो. मेलामाइनचा पांढरा स्पंज म्हणजे सरळ बारीक सॅंडपेपर, जेलकोटची चमक जाते. प्रेशर वॉशर ४० अंशांच्या नोझलने आणि निदान हातभर अंतरावरून चालतो, पण सांध्यांचं सीलंट, मार्कर लाइट आणि स्टिकरच्या कडा यांवर थेट झोत नको. एकदा पाणी आत शिरलं की भिंतीतलं लाकूड कुजतं, आणि ते बाहेरून उशिरा कळतं.

तुमचा ट्रेलर लहान असेल, समोर रंगवलेला पत्रा असेल आणि मुक्कामाला पोचल्याबरोबर साफ करायची सवय असेल, तर स्प्रेच सोयीचा पडेल, त्यात चूक काही नाही. फायबरग्लासचा उंच पुढचा भाग, मोठे स्टिकर किंवा ॲक्रिलिकची खिडकी असेल, तर मी टॉवेलच सुचवेन. स्प्रेची बाटली तरीही जवळ असू द्या. हट्टी डाग दिसला तर स्प्रे ट्रेलरवर न मारता, डागावर बसणाऱ्या कापडाच्या तुकड्यावर मारा आणि तो तुकडा पाच मिनिटं तिथेच दाबून धरा. द्रव हवा तिथेच राहतो, खाली ओघळत नाही, आणि वॅक्स फक्त तेवढ्या वितीभर जागी परत लावावं लागतं.