नाशिकहून सामोसिर बेटापर्यंत : टोबा सरोवरातील नौकासहल आणि बटाक गावाची भेट

इंडोनेशियाला जायचे म्हटले की आपल्याकडची बहुतेक कुटुंबे बालीचेच पॅकेज घेतात. आम्ही या मे महिन्याच्या सुट्टीत सुमात्रातील टोबा सरोवर निवडले, त्याचे पहिले कारण सासूबाई होत्या. माहेर मालवणचे असूनही त्यांना बोट लागते, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरच्या गोड्या पाण्याच्या सरोवरात तो त्रास कमी होईल असा आमचा अंदाज होता, जो खरा ठरला. सहल नाशिकच्याच एका प्रवास कंपनीमार्फत ठरवली होती. मुंबईहून क्वालालंपूरमार्गे सुमात्रातील मेदान शहर आणि तेथून गाडीने चार-पाच तासांवर पारापात हे काठावरचे गाव, असा प्रवास झाला. पुढील अभिप्राय केवळ बोटीने सरोवरातील सामोसिर बेटावर घालवलेल्या एका दिवसाविषयी आहे.

टोबा हे ज्वालामुखीच्या मुखात साठलेले सरोवर आहे. सुमारे 74,000 वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकानंतर जमीन खचली आणि जवळपास 100 किलोमीटर लांबीचा हा जलाशय तयार झाला. सामोसिर हे त्यातले बेट नंतर तळ वर उचलला गेल्याने निर्माण झाले. आपल्या जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक येथे कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा जो थर आहे, तोही टोबाचाच मानला जातो. बोटीच्या कठड्याला टेकून मुलीला हे सांगितल्यावर ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. गंगापूर धरणावरच्या बोट क्लबखेरीज तिने दुसरे मोठे पाणी पाहिलेले नव्हते.

बोट लाकडी, दोन मजली आणि स्वच्छ होती. नावाडी शांत होता आणि सकाळी वारा नसल्यामुळे बेटावरच्या टोमोक गावापर्यंतचा पाऊण तास सुखाचा गेला. माझी मुख्य तक्रार मात्र याच बोटीविषयी आहे. लाइफ जॅकेट पुरेशी होती, पण सगळी मोठ्यांच्या मापाची. नऊ वर्षांच्या मुलीच्या अंगातून ते वर सरकून थेट कानापर्यंत येत होते. याच सरोवरात जून 2018 मध्ये क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे घेतलेली एक प्रवासी बोट बुडून दीडशेहून अधिक लोक बेपत्ता झाले आणि बोटीचे अवशेष सुमारे 450 मीटर खोलीवर आढळले. एवढे घडून गेल्यानंतर कुटुंबांना नेणाऱ्या सेवेने मुलांच्या मापाची जॅकेट न ठेवणे मला अक्षम्य वाटते. शेवटी माझ्या पतींनी ओढणीने ते जॅकेट तिच्या कमरेशी बांधले आणि उतरेपर्यंत तिचा हात सोडला नाही.

बेटावरच्याच अंबारिता येथील हुता सियालागान या गावात पोहोचल्यावर मात्र मनातला राग निवळला. दगडी तटाच्या आत एका ओळीत उभी असलेली बटाक, म्हणजे इथल्या स्थानिक समाजाची, घरे लाकडी खांबांवर उचललेली आहेत, छपराची दोन्ही टोके होडीसारखी वर गेलेली आहेत आणि दर्शनी भागावर तांबड्या, पांढऱ्या व काळ्या रंगांत कोरीवकाम आहे. दार इतके ठेंगणे की वाकल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही; घराला मान द्यायचा तो असा, असे वाटाड्याने सांगितले. जुन्या नाशिकच्या वाड्यांत कोरीव खांबांखाली वाढलेल्या मला हे लाकूडकाम निरखायला तासभरही अपुरा पडला असता. (छपरावर पूर्वी ताडवर्गीय झाडाचे काळे तंतू असत, आता अनेक घरांवर पत्रे आले आहेत.)

वाटाड्या सासूबाईंना आदराने ‘इनांग’, म्हणजे आई, अशी हाक मारत होता, याचे आम्हा सर्वांना फार अप्रूप वाटले. त्याने बटाक लोकांच्या ‘मार्गा’विषयी, म्हणजे कुळाविषयी सांगितले: एकाच मार्गातल्या मुलामुलींचे लग्न होत नाही. सासूबाईंनी लगेच ‘मग सगोत्र बघतातच की’ असे म्हटले आणि पुढची दहा मिनिटे आमचे दुभाष्याचे काम चालले. जुन्या न्यायसभेच्या दगडी आसनांजवळ मात्र त्याने शिरच्छेदाची कथा नको इतकी रंगवली. लहान मुले असताना ती आवरती घेता आली असती.

एका ओसरीवर एक वृद्ध बाई कमरेला पट्टा बांधून उलोस, म्हणजे बटाक लोकांचे पारंपरिक वस्त्र, विणत होती. येवल्याची पैठणी हाताळलेल्या सासूबाईंनी कापड हाती येताच आधी उलटे करून पाहिले, दोऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि किमतीची घासाघीस न करता एक उलोस घेतला. विणणारीने तो स्वतः उठून त्यांच्या खांद्यांवर पांघरला. बटाक समाजात लग्नाला, बाळंतपणाला आणि अंत्यविधीलाही उलोस पांघरण्याची रीत आहे, हे आम्हाला नंतर कळले.

दुपारचे जेवणही उत्तम होते. हळदीच्या दाट वाटणात रस्सा आटेपर्यंत शिजवलेल्या ‘आर्सिक’ माशात ‘अंदालिमान’ नावाचे बारीक फळ असते. पहिल्याच घासाला जीभ किंचित बधिर झाली आणि सासूबाई म्हणाल्या, ‘हे तर तिरफळच!’ दोन्ही झाडे खरोखर एकाच वर्गातली आहेत.

दुसरी तक्रार वेळेची. कार्यक्रमपत्रिकेत गावासाठी दोन तास लिहिले होते. प्रत्यक्षात पन्नास मिनिटे मिळाली, आणि टोमोकच्या बाजारात, जेथे आम्हाला काहीच घ्यायचे नव्हते, दीड तास थांबवले गेले. पुन्हा गेलो तर बेटावरच्या तुकतुक गावी एक रात्र राहून सकाळी, गर्दी होण्याआधी, स्वतःच्या सवडीने अंबारिता पाहू. वाटाड्या, गाव आणि जेवण यांसाठी मी पाचपैकी पाच गुण देईन, बोटीसाठी दोनच. नाशिकला परतल्यावर कंपनीला हे सर्व पत्राने कळवले. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली असून मुलांच्या मापाची जॅकेट असल्याची लेखी हमी घेतल्याशिवाय यापुढे बोट ठरवणार नाही, असे उत्तर दिले आहे. ते पत्र मी जपून ठेवले आहे आणि दिवाळीत जाणाऱ्या नणंदेला त्याची प्रत दिली आहे.