गाडीच्या दारातले स्पीकर बदलले, त्याला अकरा महिने झाले

गेल्या डिसेंबरात स्पीकर बदलले, आता नोव्हेंबर आहे. एक थंडी, एक मे महिना आणि एक अख्खा पावसाळा त्यांनी दारात काढला. पहिल्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर दुकानदाराला चार शिव्या हासडल्या असत्या, आणि तिसऱ्या आठवड्यात बसलो असतो तर नुसतं कौतुक केलं असतं. बरं झालं थांबलो.

गाडी २०१९ ची हॅचबॅक, स्टिरिओ कंपनीचाच टचस्क्रीनवाला. इंदूरच्या राजेंद्रनगरहून पीथमपूरला रोज जाणं-येणं. घरी बाबा उस्ताद अमीर खाँसाहेबांचे भक्त. खाँसाहेब १९७४ साली गेले, पण आमच्याकडे त्यांच्याविषयी अजून वर्तमानकाळात बोललं जातं. त्यांचं गाणं अतिविलंबित, मंद्रात रमणारं. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज धरला तर तो साधारण १३९ हर्ट्झवर येतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सत्तरच्या आसपास. नेमकं हेच कंपनीच्या स्पीकरमधून येत नव्हतं. तबला वाजायचा तो नुसता चाटेचा, डग्गा गायबच. ओंकारेश्वरला जाताना सिमरोलचा घाट उतरत होतो, तेव्हा बाबा म्हणाले, "अरे, हे गातायत की फोनवर बोलतायत?" तिथून हे सगळं सुरू झालं.

दुकानात पहिली गोची वॅटची. डब्यावर मोठ्या अक्षरात ३०० वॅट. तो आकडा 'पीक'चा, क्षणभराचा. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सलग झेपणारा, आणि तो कोपऱ्यात बारीक टायपात असतो. आपल्या स्टिरिओवर ४ × ५० लिहिलेलं असतं, तेही त्याच जातीचं. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, इंजिन चालू असताना फार तर चौदा-साडेचौदा. त्यातून चार ओहमच्या स्पीकरला दर चॅनलमागे खरे अठरा-वीस वॅट मिळाले तरी पुष्कळ. म्हणून वेगळा अॅम्प्लिफायर घालायचा नसेल तर जास्त वॅटचा स्पीकर घेण्यात अर्थ नाही. सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये किती मोठा आवाज निघतो त्याचा, डेसिबलमधला आकडा बघावा. तीन डेसिबल जास्त म्हणजे तेवढाच आवाज निम्म्या वॅटमध्ये. मी ९१ वाला घेतला. साडेसहा इंची, कंपोनंट, म्हणजे खालच्या सुरांचा वूफर दारात, वरच्या सुरांचा ट्वीटर वेगळा आरशाच्या आतल्या तिकोनात आणि मध्ये दोघांना आपापले सूर वाटून देणारी क्रॉसओव्हरची डबी. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. अकरा महिन्यांत जे कळलं त्यात ब्रँडचा वाटा फार थोडा आहे, आणि 'मग मीही तोच घेतो' असं कुणी म्हणायला नको.

खर्च असा: स्पीकर ७,८००, पुढच्या दोन दारांसाठी डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणाऱ्या) ३,६००, मजुरी १,२००, स्पीकर ज्यावर बसतो त्या रिंगा ६००, वायर जोडायचा कपलर ५००. एकूण १३,७००. कपलरच्या पाचशेला नाक मुरडू नका. तो असला की कंपनीची वायर कापावी लागत नाही आणि उद्या गाडी विकताना जुने स्पीकर पाच मिनिटांत परत बसतात. वायर कापली की वॉरंटीच्या काउंटरवर वाद घालायला कारण मिळतं, ते वेगळंच.

दाराचं पॅनल उघडलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. कंपनीचा स्पीकर हातात घेतला तर पाव किलो पोह्याचं पाकीट धरल्यासारखं वाटलं. प्लास्टिकची चौकट, पापडासारखा पुठ्ठा, मागे जेमतेम रुपयाच्या चार नाण्यांच्या थप्पीएवढं मॅग्नेट. नवा त्याच्या चौपट जड. मिस्त्रीने बसवण्याआधी काच पूर्ण खाली केली आणि मागे बोट घालून जागा मोजली, हे मला आवडलं. मॅग्नेट खोल गेला की काच खाली येताना त्यावर आपटते. आमच्याकडे रिंग लावून जेमतेम जमलं.

स्पीकर लागले, गाणं सुरू केलं, आणि बास आधीपेक्षाही कमी! ट्वीटर मात्र कानात सुई टोचावी तसा. दुकानातला मुलगा म्हणाला, "भिया, पंधरा-बीस दिन बजने दो, खुल जाएगा." मी मुकाट्याने पंधरा दिवस वाजवले. काही खुललं नाही.

मग एका रविवारी पोहे-जलेबी झाल्यावर पार्किंगमध्ये बसलो. बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला, डग्गा आला. पूर्ण उजवीकडे नेला, डग्गा आला. मध्ये आणला की गेला. म्हणजे दोन स्पीकर एकमेकांना खात होते. उजवं पॅनल उघडलं, भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढून आणला, प्लस लाल वायरला आणि मायनस काळ्याला टेकवला. वूफरचा पडदा बाहेर यायला हवा. तो आत गेला. क्रॉसओव्हरपासून वूफरपर्यंतच्या दोन वायरी उलट्या लावल्या होत्या. वूफरच्या दोन पात्यांपैकी रुंद असते ती प्लस, आणि तिथे काळी वायर होती. अदलाबदल केली, तीन मिनिटांचं काम. पंधरा दिवस मी कान 'तयार' करत बसलो होतो! ट्वीटरचं टोचणंही निम्मं त्यामुळेच होतं. उरलेलं क्रॉसओव्हरवरची ट्वीटरचा आवाज उतरवणारी छोटी पिन मायनस तीनवर सरकवल्यावर गेलं. दुकानाने हे आपणहून सांगायला हरकत नव्हती.

संध्याकाळी बाबांना गाडीत बसवलं. इंजिन बंद, काचा वर, आवाज पंधरावर. ते काही बोलले नाहीत. डग्ग्याची मींड आली तेव्हा नुसतं दाराच्या पॅनलवर हात ठेवून बसले, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. आईने वरून तीनदा जेवायला हाक मारली.

आता शीटविषयी, कारण खरा फरक त्यांचा आहे. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची ओढली जाते. दाराच्या आतल्या पत्र्याला अख्खा हात जाईल एवढाली भोकं असतात, त्यांतून मागचा आवाज पुढे येतो आणि दोन्ही एकमेकांना रद्द करतात. वरच्या सुरांना फारसा फरक पडत नाही, खालच्यांचा मात्र जीव जातो. त्यात बाहेरचा पत्रा डब्यासारखा झणझणतो. भोकं शीटने बंद केली आणि बाहेरच्या पत्र्याला आतून शीट चिकटवली की दार स्पीकरचं खोकं बनतं. घ्यायची ती ब्युटाइलची, वर अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली. स्वस्त डांबरी शीट इथल्या मे महिन्यात वास मारते आणि ओघळते. माझी बेचाळीस डिग्रीत उभ्या गाडीतही जागची हलली नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. दोन शीट उरल्या होत्या, त्या फेब्रुवारीत मागच्या दारांना लावल्या. तिथे स्पीकर अजून कंपनीचेच आहेत, तेच पापडवाले. तरी मागचा आवाज एवढा भरला की बायकोने विचारलं, "मागचेही बदललेस का न सांगता?" आज परत करायचं असतं तर आधी फक्त शीट लावल्या असत्या, महिनाभर ऐकलं असतं आणि मगच ७,८०० खिशातून काढले असते. कदाचित काढलेही नसते. ट्वीटरसाठी काढले असते, तानपुऱ्याची झिलई त्याशिवाय येत नाही. पण डग्ग्यासाठी नक्कीच नाही.

पावसाळ्याची गोष्ट मात्र कडू. जुलैत एक दिवस दार लावलं तर आत डबडब. राऊच्या सिग्नलला ब्रेक मारला, परत डबडब. दारात पाणी जाणं यात नवीन काही नाही. काचेवरून ओघळलेलं पाणी रबरातून आत उतरतंच, आणि खालच्या कडेला असलेल्या बारीक फटींतून बाहेर पडतं. मिस्त्रीने हौसेने शीट अगदी तळापर्यंत चिकटवली होती, दोन फटी झाकून. पॅनल उघडलं तर एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी लगद्याची, रिंग चहात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगलेली. बोटाने दाबली तर भुगा हाताला आला. स्क्रू गंजलेले, वूफर एका बाजूने सैल, आणि म्हणूनच आदल्या आठवड्यापासून त्या दाराला घशात काही अडकल्यासारखा आवाज होता. स्पीकर स्वतः वाचला, त्याचा पडदा पॉलिप्रॉपिलिनचा आहे. पुठ्ठ्याचा असता तर काय झालं असतं, सांगता येत नाही. दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या रिंगा आणि स्टेनलेसचे स्क्रू लावले, ९०० रुपये. ब्लेडने फटी मोकळ्या केल्या. त्यानंतर ऑगस्ट-सप्टेंबर कोरडे गेले, म्हणजे दाराच्या आतून. बाहेर पाऊस होताच.

तुम्ही कुणाकडून बसवणार असाल तर रिंग कशाची आहे हे तोंडी विचारू नका, हातात घेऊन बघा. काळा रंग मारलेली एमडीएफ प्लास्टिकसारखीच दिसते. मीही तसाच फसलो.

जे सुधारलं नाही, तेही लिहितो. ऐंशीच्या वर टायरचा आवाज होता तसाच आहे, खर्ज त्यात बुडतोच. त्यासाठी दारांनी काही होत नाही, तो तळातून येतो. एफएम जेमतेम पंधरा किलोहर्ट्झपर्यंत जातो, त्यामुळे महाग ट्वीटरला तिथे काम नाही. ब्लूटूथपेक्षा पेनड्राइव्ह बरा, हा फरक जुन्या स्पीकरवर कळत नव्हता, आता कळतो आणि जरा त्रासच देतो. आवाज चाळीसपैकी अठ्ठावीसच्या वर गेला की स्टिरिओच फाटायला लागतो. तसा फाटका आवाज ट्वीटर जाळतो, म्हणून भाच्याला गाडी देताना हे आधी बजावावं लागतं. त्याला सबवूफर हवाय. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, फिरायला तो त्याच्या गाडीत लावेल.

मागचे स्पीकर बदलणार नाही. फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या आवाजाचा तोल, दोन घर पुढे ठेवला आहे, तेवढं पुरतं. आपण मैफिलीतही गवय्याकडे पाठ करून बसत नाही.

पुढचे जुने दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलेत, गाडी विकताना लागतील. उजव्या दारात एक बारीक झंकार मात्र अजून शिल्लक आहे, फक्त खर्जाच्या तारेला येतो. तीनदा पॅनल उघडलं, क्लिपांना फेल्टच्या पट्ट्या लावल्या, कप्प्यातली सुट्टी नाणी काढली, तरी जात नाही. बाबा म्हणतात, राहू दे, तानपुऱ्याच्या तारेची जवारी आहे ती.