मोल की थेट ग्रॅम?

खानापूरची भाची दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, आता पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला. रसायनशास्त्राचं गणित सोडवताना तिनं विचारलं, "मामा, उत्पादित, म्हणजे अभिक्रियेत तयार होणारा पदार्थ, किती हे मोलनं काढू की थेट ग्रॅमच्या गुणोत्तरानं?" मोल म्हणजे पदार्थाचे कण मोजायचं एकक.

वेळेत गुणोत्तर पुढं. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटपासून ५६ ग्रॅम कळीचा चुना, तर २५ पासून १४. एका ओळीत उत्तर.

चुका मात्र इथंच होतात. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन दिला, की वजनावरून हायड्रोजन आधी संपेल असं वाटतं. मोल काढा, म्हणजे ग्रॅमला एका मोलच्या वजनानं भागा: हायड्रोजन ४ ÷ २ = २ आणि ऑक्सिजन १६ ÷ ३२ = ०.५. पाण्याचं समीकरण (2H₂ + O₂ → 2H₂O) मोलचं २:१ प्रमाण मागतं, म्हणजे ऑक्सिजनच आधी संपतो. पाणी १८ ग्रॅम, हायड्रोजन २ ग्रॅम शिल्लक. समीकरण संतुलित नसेल तर दोन्ही रीती वाया, बाळा.

एकाच अभिकारकाचं (अभिक्रियेत वापरल्या जाणाऱ्या पदार्थाचं) वजन दिलं असेल तर गुणोत्तर पुरे. दोन असतील, वायूचं आकारमान विचारलं असेल किंवा सीईटी द्यायची असेल, तर मोलच.