पाचर, आर्बर आणि केसभर फट: १८५१ नेव्हीची प्रतिकृती काही महिने वापरल्यावर

कोल्टच्या १८५१ नेव्ही या जुन्या रिव्हॉल्व्हरची, .३६ कॅलिबरची, पोलादी फ्रेमची प्रतिकृती मी काही महिने नियमित वापरतो आहे. तोल सुरेख आहे. साडेसात इंची अष्टकोनी नळीचं वजन पुढे असल्यामुळे हात स्थिर राहतो आणि मूठ तळव्यात नीट बसते. नेमबाजीसाठी म्हणून मी ती कुणालाही सुचवेन. मात्र काळ्या दारूचं (ब्लॅक पावडरचं) हत्यार प्रत्येक वापरानंतर उघडून धुवावं लागतं, आणि ही रिव्हॉल्व्हर उघडायला जितकी सोपी तितकीच पुन्हा नीट जोडायला कठीण आहे. सगळा प्रश्न बसणीचा आहे.

या नमुन्यात सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्यांची घरं असलेल्या फिरत्या नळकांड्याच्या, वरून जाणारी फ्रेमची पट्टी नाही. १८५८ च्या रेमिंग्टनमध्ये फ्रेम चारही बाजूंनी बंद असते, त्यामुळे तिथे नळी हलायचा प्रश्नच येत नाही. इथे फ्रेममधून पुढे आलेला आर्बर, म्हणजे सिलिंडर ज्यावर फिरतो तो दांडा, नळीखालच्या भोकात शिरतो, फ्रेमच्या खालच्या दोन पिना नळीच्या बुडातल्या भोकांत बसतात, आणि आडवी मारलेली पाचर हे सगळं आवळून धरते. मूळ रिव्हॉल्व्हरांवर इतर भागांसोबत पाचरीवरसुद्धा अनुक्रमांक ठोकलेला सापडतो. पाचर त्या त्या नगाला जुळवून बसवलेली असायची, कुठलीही पाचर कुठेही चालायची नाही.

माझ्या नगाचं लक्षण असं होतं: पाचर अंगठ्याने दाबली तर सिलिंडर आणि नळी यांच्यात ऐसपैस फट, हातोडीने थोडी जास्त ठोकली तर सिलिंडर फिरेनासा. म्हणजे प्रत्येक जोडणीला फट वेगळी, आणि कागदावर गोळी लागायची उंचीही वेगळी. बरेच जण इथे पाचरीला दोष देऊन नवी मागवतात. दोष बहुतेक वेळा आर्बरच्या लांबीत असतो. आर्बरचं टोक भोकाच्या तळाला टेकायला हवं. ते आखूड असेल तर पाचर जितकी आत जाईल तितकी नळी मागे ओढली जाते, आणि बुडाशी फ्रेमचा आधार असल्यामुळे वरच्या बाजूने सिलिंडरकडे कलते.

तपासणी अगदी सोपी आहे. आधी सगळी घरं रिकामी आणि निपलांवर (सिलिंडरमागच्या बोंडांवर) एकही कॅप (ठिणगी देणारी टोपी) नाही हे डोळ्यांनी पाहून घ्या. पाचर, नळी, सिलिंडर काढा. मग नुसती नळी आर्बरवर चढवा, पण थोडी फिरवून, म्हणजे तिचं बूड फ्रेमच्या समोर न येता बाजूला राहील. तळाला टेकेपर्यंत आत ढकला. बुडाची कड फ्रेमच्या कडेला तंतोतंत भिडली तर आर्बर बरोबर आहे. कड फ्रेमच्या मागे गेली तर जेवढी मागे गेली तेवढा आर्बर आखूड.

उपाय म्हणून मी भोकाच्या तळाशी पोलादी चकती बसवली. चकती आधी किंचित जाड घ्यायची आणि सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासत आणायची. दर थोड्या वेळाने नळी चढवून पाहायची. आर्बर तळाला आणि बूड फ्रेमला एकाच वेळी टेकलं की थांबायचं. इथे घाई अजिबात करू नये. नळीचं मागचं तोंड किंवा सिलिंडरचा पुढचा भाग कानशीने घासून फट जुळवायच्या फंदात तर मुळीच पडू नये, कारण गेलेलं पोलाद परत येत नाही आणि मूळ दोष तसाच राहतो.

चकतीनंतर पाचरीकडे वळायचं. पाचर पुढच्या कडेने आर्बरच्या खाचेला आणि मागच्या कडेने नळीच्या खाचेला दाबते. त्या कडांना मार्करची शाई लावून ती बसवली की जिथे घासते तिथे चमकते, तेवढाच भाग बारीक कानशीने उतरवायचा. खाचांना कानस लावायची नाही, लावायची ती पाचरीलाच, कारण ती बदलता येते. आता माझी पाचर अंगठ्याने जवळजवळ पूर्ण जाते आणि नायलॉनच्या हातोडीच्या हलक्या टिचकीने बसते. सिलिंडर मागे दाबून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजलेली फट ०.१ ते ०.१५ मिलिमीटर येते आणि प्रत्येक जोडणीला तेवढीच राहते. यापेक्षा घट्ट ठेवण्यात काही शहाणपण नाही, काजळी साचली की सिलिंडर अडतो.

नळी काढताना ती पिळू नये. हॅमर (घोडा) अर्धा मागे ओढून अर्ध्या खाचेवर ठेवून सिलिंडर असा फिरवावा, की गोळी दाबायच्या दांड्याचं टोक दोन घरांमधल्या भिंतीवर येईल. मग दांडा दाबला की नळी सरळ पुढे सरकते.

मुठीच्या बाजूचे स्क्रू हा वेगळाच वैताग. ते सगळे एका लांबीचे नसतात, आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर आतल्या भागांना अडू शकतो. म्हणून काढतानाच पुठ्ठ्यावर त्याच मांडणीत खोचून ठेवावेत. जोडताना ट्रिगर गार्ड, मग मेनस्प्रिंग (हॅमरची मुख्य स्प्रिंग), मग लाकडासह मागची पट्टी. सगळे स्क्रू आधी दोन-तीन आटे धरेपर्यंत हाताने लावायचे आणि शेवटी आवळायचे. एक आधीच आवळला की बाकीची भोकं समोरासमोर येत नाहीत, आणि मग जोर लावला की आटे जातात. पेचकसाचं पातं खाचेत पूर्ण भरणारं हवं.

निपल बदलताना आटे तपासून घ्या. इटालियन प्रतिकृतींत बहुधा एम६ × ०.७५ (६ मिमी व्यास, दोन आट्यांत ०.७५ मिमी अंतर) असतात, सगळीकडे नव्हे.

सिलिंडरवर १६ मे १८४३ च्या टेक्सस आणि मेक्सिको यांच्यातल्या नौदल लढाईचं चित्र कोरलेलं असतं. त्यावर भोवताली गोल ओरखडा उमटू लागला, तर सिलिंडर अडवणारा बोल्ट वेळेआधी वर येतो आहे असं समजा. त्याला हात लावण्याआधी ट्रिगर-बोल्टच्या स्प्रिंगचा स्क्रू सैल नाही ना, एवढं पाहा. बोल्टचं टोक घासून वेळ जुळवणं मात्र जाणकाराकडेच सोपवावं.

धुण्यासाठी गरम पाणी आणि साबण, मग पूर्ण कोरडं करणं. आर्बरवर वनस्पतिजन्य किंवा प्राणिज चरबीचं वंगण लावतो, खनिज तेल नाही, ते काजळीत मिसळून डांबरासारखं चिकट होतं. दारू फक्त काळी किंवा तिच्यासाठीच बनवलेला पर्याय. धूरविरहित दारू या फ्रेममध्ये कधीही नाही.

नवी घेणाऱ्यांनी पितळी फ्रेमपेक्षा पोलादी निवडावी, पितळेवर सिलिंडरच्या मागच्या कडेचा ठसा उमटत जातो आणि फट वाढत राहते. आणि विकत घेतानाच नळी फिरवून आर्बरची ती तपासणी दुकानदारासमोर करून घ्यावी, दोन मिनिटांचं काम आहे.