लक्झेंबर्गच्या ‘प्रवास पास’साठी पैसे भरण्यापूर्वी

लक्झेंबर्गच्या सहलीची आखणी करणाऱ्यांना सावध करण्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. पुण्यातील एका पर्यटन संस्थेने आम्हा पती-पत्नींना विमान, हॉटेल आणि व्हिसाच्या कागदपत्रांबरोबर ‘राष्ट्रीय प्रवास पास’ प्रत्येकी 6,500 रुपयांना विकला. त्या देशात लक्झेंबर्गी, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन भाषा चालतात, तिकिटाच्या यंत्रावर तुमचा गोंधळ होईल, त्यामुळे पास आधीच घेतलेला बरा, असे आम्हाला सांगण्यात आले. परक्या भाषेची धास्ती दाखवून पैसे काढण्याची ही रीत मला सर्वांत निंद्य वाटते.

वास्तविक 2020 च्या मार्चपासून लक्झेंबर्गमधील बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सर्वांना, म्हणजे पर्यटकांनाही, विनामूल्य आहे. तिकीट लागते ते केवळ रेल्वेच्या पहिल्या वर्गासाठी. फिंडेल विमानतळावरून शहरात जाताना मी पास पुढे केला, तेव्हा बसचालकाने तो न पाहताच आत बसण्याची खूण केली. एटेलब्रुकपर्यंत रेल्वेने आणि तेथून बसने व्हियान्डेनचा किल्ला पाहायला गेलो, त्या वाटेवरही तो कोणी मागितला नाही.

खरा फटका बसला तो जर्मनीतील ट्रिअरला जाताना. पासवर तीन भाषांतील मजकूर, क्यूआर कोड आणि खाली ‘ट्रिअरसह वैध’ अशी ओळ छापलेली होती. विनामूल्य प्रवासाची हद्द मात्र वासरबिलिग या सीमेवरच्या स्थानकापर्यंतच आहे आणि पुढचे तिकीट काढावेच लागते. तपासनिसाने कोड दोनदा तपासला, यंत्रात काहीच उमटले नाही, आणि विनातिकीट प्रवासाबद्दल आम्हाला प्रत्येकी 60 युरो दंड झाला. तो अत्यंत सभ्यपणे वागला, हेही नोंदवले पाहिजे.

परतल्यावर संस्थेने आधी पासची रक्कम ‘सेवाशुल्क’ असल्याचे सांगितले. पावतीवर ‘पास’ हाच शब्द असल्याचे दाखवल्यावर, तक्रार न करण्याच्या अटीवर अर्धे पैसे देऊ केले. आम्ही ते नाकारले, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि पावती, पास व दंडाची पावती जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज दाखल केला आहे. याच प्रकारचा पास कोणाला विकला गेला असेल, तर त्यांनी तो फाडून न टाकता मूळ पावतीसह जपून ठेवावा. आयोगापुढे तोच पुरावा ठरतो.