लेसर डॉपलर की कॅपिलरोस्कोपी: एकच उपकरण घेता येणार असेल तेव्हा

थंड पाण्यात हात घातला की बोटे पांढरी पडतात, मग निळी होतात, अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाच्या त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या सुई न टोचता कशा तपासाव्यात, हा प्रश्न संधिवाताचा बाह्यरुग्ण विभाग चालवणाऱ्याला टाळता येत नाही. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी एकाच उपकरणापुरती तरतूद होती आणि निवड लेसर डॉपलर (त्वचेवर चिकटवलेल्या प्रोबमधून, म्हणजे संवेदकातून, लेसर प्रकाश सोडून रक्तप्रवाह मोजणे) व नेलफोल्ड कॅपिलरोस्कोपी (नखाच्या मुळाशी त्वचेच्या घडीतील केशवाहिन्या भिंगातून मोठ्या करून पाहणे) या दोहोंमधून करायची होती. निर्णयापूर्वी मी दोन्ही उपकरणे काही महिने वापरली. दोन्हींमागच्या तत्त्वाच्या खोलात न जाता, रोजच्या वापरात जे जाणवले तेवढेच येथे मांडतो.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की प्रवाह प्रत्यक्ष जोखण्याचे काम लेसर डॉपलरच करतो. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून काही मिनिटे रक्तपुरवठा थांबवावा आणि पट्टा सोडताच आलेख कसा उसळतो ते पाहावे. रक्तवाहिन्यांची प्रतिसाद देण्याची क्षमता इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते. पट्टा पूर्ण आवळलेला असतानाही वाचन शून्यावर येत नाही, कारण थांबलेल्या रक्तातील पेशींची सूक्ष्म हालचाल चालूच असते. हा तळाचा आकडा वजा करावा की नाही, हे आधी ठरवून मग त्याला चिकटून राहावे लागते. हे सारे सवयीने जमते, आणि प्रोब जागचा हलत नाही तोपर्यंत या यंत्राबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ती प्रोब काढून पुन्हा लावल्यावर. एका वेळी तपासले जाते ते साधारण एक घन मिलिमीटर त्वचेचे आकारमान, आणि वर येणाऱ्या धमनिका (धमन्यांच्या बारीक फांद्या) त्वचेत समान अंतरावर नसतात. त्यामुळे प्रोब मिलिमीटरभर सरकला तरी तो वेगळ्याच शेजाराचा प्रवाह सांगू लागतो. एका शिक्षिकेची बोटे मी नोव्हेंबरमध्ये तपासली आणि औषध सुरू करून फेब्रुवारीत पुन्हा तपासली. आकडा जवळजवळ दुप्पट आला. आम्हा दोघांनाही समाधान वाटले. खात्री करावी म्हणून प्रोब काढून, माझ्या अंदाजाने त्याच जागी, परत चिकटवला, तेव्हा आकडा नोव्हेंबरच्या आसपास उतरला. सुधारणा औषधाची होती की माझ्या हाताची, हे मला सांगता येईना. भरीस भर म्हणजे वाचन परफ्युजन युनिट या सापेक्ष एककात येते, त्याचे मिलिलिटरमध्ये रूपांतर होत नाही, आणि ‘हा आकडा चांगला की वाईट?’ या रुग्णाच्या साध्या प्रश्नाला नेमके उत्तर देता येत नाही. प्रयोगशाळेत हे सांभाळून घेतले जात असेल. तीन महिन्यांनी परत येणाऱ्या रुग्णासाठी मात्र हीच अडचण माझ्या दृष्टीने निर्णायक ठरली.

या अडचणीवर लेसर स्पेकलचा, म्हणजे लेसर प्रकाशाच्या ठिपक्यांच्या बदलत्या नक्षीवरून प्रवाह टिपण्याचा, उतारा आहे, हे सांगायला हवे. फर्चर आणि ब्रायर्स यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत पूर्ण हाताचा नकाशा एकदम टिपते, त्यामुळे वाचने अधिक जुळतात. ती पाहते मात्र त्वचेच्या वरच्या थरापर्यंतच. औषधाच्या चाचण्या करायच्या असतील आणि निधी असेल तर तिचाच विचार करावा. आमच्या तरतुदीत ती बसत नव्हती.

कॅपिलरोस्कोपी प्रवाहाचा आकडा देत नाही, रचना दाखवते, ही तिची मर्यादा मी लपवत नाही. तिला जपावेही लागते. रुग्णाला २० ते २२ अंश तापमानाच्या खोलीत पंधरा-वीस मिनिटे बसवावे लागते, आणि मे महिन्यात वीज गेली की तपासणी थांबते. शेतीकाम किंवा भांडी-धुणी करणाऱ्या बायांच्या नखांच्या मुळाशी त्वचा जाड झालेली असते. सावळ्या त्वचेत केशवाहिन्या पुसट दिसतात, तेव्हा त्वचा पारदर्शक दिसावी म्हणून लावायचा तेलाचा थेंब थोडा मोठा घ्यावा आणि अनामिका व करंगळीपासून सुरुवात करावी. अंगठ्यावर वेळ घालवू नये. मेंदीने तर नखाचा कडेचा भाग असा रंगतो की काहीच उमगत नाही. लग्नसराईत रुग्णाला तारीख देतानाच हे सांगून ठेवावे, एरवी दुरून एसटीने आलेल्या माणसाला परत पाठवण्याची वेळ येते.

इतके सोसूनही जे हाती येते ते टिकाऊ असते. मिलिमीटरमध्ये सातपेक्षा कमी केशवाहिन्या, किंवा ५० मायक्रोमीटर व त्याहून रुंद अशी एखादी महाकेशवाहिनी, हे निष्कर्ष मी काढले काय आणि माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याने काढले काय, बहुतेक वेळा जुळतात. स्क्लेरोडर्माच्या (त्वचा कडक होत जाणारा आजार, ज्याची सुरुवात अनेकदा बोटांच्या अशाच तक्रारीने होते) २०१३ च्या वर्गीकरण निकषांत नखाच्या घडीतील विकृत केशवाहिन्यांना दोन गुण आहेत. लेसर डॉपलरच्या आकड्याला तेथे जागा नाही. उलट चित्र निर्दोष असेल आणि रक्तातील एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी) निगेटिव्ह असेल, तर तरुण मुलीला बऱ्याच विश्वासाने धीर देता येतो, आणि माझ्या विभागात ही गरज सर्वांत अधिक वेळा पडते.

मधुमेही पायाच्या जखमा हे आपले मुख्य काम असेल, तर माझे मत बाजूला ठेवावे. तेथे त्वचेवरून मोजलेला ऑक्सिजनचा दाब अधिक उपयोगी आहे, कारण तो २५ ते ३० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली गेला की जखम भरण्याची आशा बरीच कमी होते. मात्र इलेक्ट्रोड सुमारे ४४ अंशांपर्यंत तापून वाचन स्थिर होईपर्यंत प्रत्येक जागेमागे पाव तास थांबण्याची तयारी ठेवावी.

त्या शिक्षिकेच्या डाव्या अनामिकेची पहिली प्रतिमा माझ्याकडे आहे. वर्षानंतरच्या प्रतिमेत तीच महाकेशवाहिनी त्याच जागी ओळखता आली, आणि तिच्या शेजारच्या दोन केशवाहिन्या नाहीशा झालेल्या दिसल्या.